मॅकआर्थर पाइप: दिसायला पाच तारे, ओढायला साडेतीन

आधी व्यवहाराचं सांगून टाकतो, कारण निम्मे लोक तेवढंच वाचायला आलेत. मक्याच्या बुरकुंडापासून केलेला हा पाइप. लांबी वीतभर, बाउल (म्हणजे तंबाखू भरायची वाटी) उंच आणि सरळसोट, नाव 'मॅकआर्थर', दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जनरल डग्लस मॅकआर्थरवरून. अमेरिकेच्या मिझुरी राज्यात वॉशिंग्टन नावाचं नदीकाठचं छोटं गाव आहे (राजधानी वेगळी, तिचा इथे संबंध नाही). तिथली 'मिझुरी मीरशॉम' ही कंपनी तो बनवते. ब्रायरच्या, म्हणजे पाइपसाठीच्या नेहमीच्या कठीण लाकडाच्या, बऱ्यापैकी पाइपच्या पैशांत असे चार-पाच सहज यावेत. कपाटात मांडायला, फोटो काढायला, पाहुण्यांच्या हातात द्यायला बिनतोड. रोज ओढायचा असेल तर मात्र याच कंपनीचे साधे, बुटके पाइप सरस आहेत आणि ते याच्याहूनही स्वस्त पडतात.

बाकीचं आता सवडीने. पाइपवर ज्याचं नाव आहे त्या माणसाबद्दल अवाक्षर न काढता बाउलची खोली आणि नळीची लांबी तेवढी सांगणं मला जमायचं नाही.

मी निपाणीचा. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. लहानपणी वखारीत शिरलं की आधी ठसका, मग शिंका, मग डोळ्यांतून पाणी, आणि आठवडाभराने काहीच नाही. तोंडाला पदर गुंडाळून बायका दिवसभर तंबाखू चाळायच्या, त्यांना ती सवय आयुष्यभराची. पुढे १९८१ साली भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली, त्याच्या गोष्टी घरात कितीतरी वर्षं चालत. त्यामुळे तंबाखूबद्दल रोमँटिक व्हायची आम्हा निपाणीकरांना मुळात सोय नाही. तरी पाइपचा नाद लागला, तोही इथे सेंट लुईसला नोकरीला आल्यावर. प्रकृतीला वाईटच आहे, नवीन कोणी सुरू करू नये. ज्यांचं आधीच सुरू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सेंट लुईसहून हे वॉशिंग्टन पश्चिमेला ऐंशी किलोमीटरभर. मिझुरी नदी, तिच्या काठाने रेल्वे, रेल्वेच्या अलीकडे रस्ता आणि रस्त्याला लागून कारखान्याची लाल विटांची जुनी इमारत. ॲमट्रॅकची गाडी गावात थांबते, स्टेशनपासून चालत जाता येतं. इमारतीतच दुकान आणि लहानसं संग्रहालय आहे. गाव स्वतःला कणसाच्या पाइपची जगाची राजधानी म्हणवून घेतं आणि याबाबतीत भांडायला दुसरं कोणी उरलेलंही नाही. १९२५च्या सुमाराला या एका फ्रँकलिन काउंटीत असे पाइप करणाऱ्या डझनभर कंपन्या होत्या. आज जुन्यांपैकी हीच एक टिकून आहे.

सुरुवात १८६९ची. हेन्री टिबी नावाचा हॉलंडहून आलेला कातारी इथे दुकान चालवत होता. एका शेतकऱ्याने घरी बुरकुंड कोरून पाइप केला, तो त्याला आवडला, आणि लेथवर नीट कातून दे म्हणून तो टिबीकडे आला, अशी कथा आहे. टिबीने त्याला करून दिला, चार जास्तीचे करून दुकानात ठेवले, ते खपले. कथा फार गुळगुळीत आहे, पण टिबीची खरी करामत पुढची. मोकळं बुरकुंड म्हणजे दाणे निघालेल्या घरांची नुसती जाळी. त्या खळग्यांत प्लॅस्टरचा लेप भरायचा, वाळवायचा, घासून गुळगुळीत करायचा. या पद्धतीचं पेटंट त्याने १८७८ साली घेतलं. तुर्कस्तानात एस्किशेहिरच्या आसपास जमिनीतून काढतात तो हलका, सच्छिद्र, पांढरा मीरशॉम हा पाइपवाल्यांच्या लेखी राजा. टिबीने आपल्या बुरकुंडाची बरोबरी थेट त्याच्याशी लावली आणि नाव ठेवलं मिझुरी मीरशॉम. चुलीत घालायच्या वस्तूला राजाचं नाव! १९०७पासून कंपनीचंच ते नाव झालं.

हे बुरकुंड आपल्याकडच्या मक्याचं नव्हे. आपल्याकडच्या कणसाचा पाइप केला तर भिंत पातळ राहील आणि चार दिवसांत जळून जाईल. इथे मिझुरी विद्यापीठाने मुद्दाम पैदास केलेलं वाण लावतात, दाणा दुय्यम, बुरकुंड जाडजूड. दाणे जुन्या यंत्रावर उतरवतात, कारण नवीन यंत्रं बुरकुंडाचा भुगा करतात. मग ते बुरकुंड दोनेक वर्षं सुकायला ठेवायचं, तेव्हा कुठे कडक होतं. नंतर कापणं, भोक पाडणं, कातणं, लेप, घासणं, आणि शेवटी लाकडी दांडी बसवणं. कामाला यंत्रं आहेत, पण प्रत्येक नग माणसाच्या हातांखालून जातो. म्हणून शेजारी ठेवलेले दोन मॅकआर्थर सारखे नसतात. दुकानात निवडायला मिळालं तर दांडी बाउलमध्ये सरळ बसलीय का आणि भिंत सगळीकडून सारख्या जाडीची आहे का एवढं बघून घ्या. वांगी निवडताना देठ बघतो तसं. मी तर ऑनलाइन एका तंबाखूच्या दुकानातून मागवलेला एक नग दांडीला चीर पडलेला आल्यापासून (दुकानाचं नाव लिहीत नाही, पैसे परत दिले त्यांनी) प्रत्यक्ष जाऊनच घेतो.

आता पाइप हातात घेऊन बघू. पहिली गोष्ट, वजन. काहीच नाही. एवढी लांबलचक वस्तू इतकी हलकी असते हे मनाला पटत नाही, उचलताना हात जरुरीपेक्षा वर जातो. बाउल रंगवलेला नाही, पिवळट, मधूनमधून दाण्यांच्या ओळींचे फिकट ठसे दिसतात. बाउलमध्ये मधलं बोट घातलं तर तळ कसाबसा लागतो. तळाशी नीट पाहिलंत तर दांडीचं टोक थोडं आत घुसलेलं दिसेल आणि त्याच्या खाली जरा पोकळी. हे सगळ्याच बुरकुंडी पाइपांत असतं, दोष नाही. पहिल्या काही वेळांना ते टोक जळतं आणि जळक्या लाकडाची चव येते. जाणकार लोक सिगारच्या राखेत थोडं पाणी घालून त्याचा चिखल करतात आणि ती पोकळी लिंपून घेतात. एक रात्र वाळू द्यायचं. मी तसंच केलं. तोंडाकडची नळी प्लॅस्टिकची. या किमतीत व्हल्कनाइट, म्हणजे कडक रबर, मागू नये.

भरायला लागलात की पहिला धडा मिळतो: इतक्या खोल बाउलला तंबाखू खूप लागतो आणि भरायला हात सुधारावा लागतो. खाली सैल, मध्ये जरा घट्ट, वर आणखी घट्ट, हा नियम सगळ्या पाइपांना आहे, पण इथे खालचा थर जराही दाबला गेला तर पुढे ओढ बसत नाही. मी साधा बर्ली जातीचा तंबाखू वापरला, फार कापलेला नाही, फार ओलाही नाही. निपाणीत पान मुठीत दाबून सोडायचे आणि ते किती सावकाश उलगडतं यावरून ओल ओळखायचे. तीच रीत इथे चालते. वरचा तिसरा हिस्सा झकास जातो. नव्या बुरकुंडाची एक गोडसर चव येते, भाजलेल्या कणसाच्या जवळपासची, आणि बर्लीला ती शोभते. बुरकुंड ओल शोषून घेतं म्हणून धूर कोरडा राहतो. ब्रायर असा पहिल्या दिवसापासून वागत नाही, त्याला आधी रुळवावं लागतं.

मधला हिस्सा ठीकठाक. खालचा हिस्सा वाईट. एवढ्या उंच चिमणीतून विस्तव खाली उतरेपर्यंत वरची सगळी ओल आणि तेल तळाला जमतं, राख दाबत राहावी लागते, तीन-चारदा तरी काडी ओढावी लागते, आणि शेवटी कडू रस जिभेला लागतो. पुरा बाउल संपवायला तासाहून अधिक जातो. निम्माच भरला तर? तर विस्तव खोल खड्ड्यात राहतो, काडीची ज्योत तिथपर्यंत पोहोचत नाही आणि बाउलची कड जळून काळी होते. म्हणजे हा पाइप पूर्ण भरावा लागतो आणि पूर्ण भरला की पूर्ण संपवता येत नाही. हात न लावता दातांत धरून बागेत काम करायचं म्हणाल तर तेही अवघड. हलका असला तरी लांबीमुळे नाकासमोर हेलकावे खातो.

हा सगळा आकाराचा गुण, आणि आकार कोणाचा? खुद्द जनरलसाहेबांचा. कंपनी सांगते की मॅकआर्थरने आपल्याला कसा पाइप हवा ते कळवलं आणि इथून तो त्याच बरहुकूम करून पाठवला गेला. मला या पाइपात सगळ्यात रस वाटला तो इथे. कारण घरात, टेबलाशी बसून ओढायला हा गृहस्थ ब्रायर वापरायचा. हा उंच बाउलवाला अवतार मुख्यतः बाहेर काढायचा, फोटोवाले असतील तेव्हा. ३० ऑगस्ट १९४५ला जपानमधल्या आत्सुगी विमानतळावर तो उतरला तो फोटो आठवा: विमानाच्या शिडीवर उभा, चुरगळलेली टोपी, काळा चष्मा, शर्टाची कॉलर उघडी, कमरेला पिस्तूल नाही आणि तोंडात हा लांब पाइप. हरलेल्या देशात, जिथे अजून लाखो सैनिक शस्त्रं बाळगून होते, तिथे हा माणूस सहलीला आल्यासारखा उतरतो. धाडस होतंच. पण प्रत्येक वस्तू जागच्या जागी होती, आणि पाइप त्यातली सर्वांत लांबून दिसणारी. हा पाइप पन्नास फुटांवरून ओळखू यावा म्हणून बनलाय, आणि ते काम तो आजही चोख करतो. माझ्या व्हरांड्यात बसलो की रस्त्यापलीकडचा शेजारी हात करून सॅल्यूट ठोकतो.

पाइपला थोरामोठ्यांची नावं देणं नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये जिव्हे गावच्या गांबिए कंपनीने मातीच्या पाइपांवर राजकारण्यांपासून पुराणपुरुषांपर्यंत सगळ्यांची डोकी घडवली. एस्किशेहिरचे कारागीर आजही मीरशॉममधून सुलतान आणि दाढीवाले देव कोरतात. त्या प्रकारात एक गंमत असते, ज्याचा उदोउदो करायचा त्याच्याच डोक्यात विस्तव घालायचा. भक्त ओढो की वैरी, दोघांचंही समाधान. मॅकआर्थर पाइपवर चेहरा नाही, पुतळा नाही. नाव आणि आकार, बस. 'फाइव्ह स्टार' म्हणून एक आवृत्ती मिळते, ती डिसेंबर १९४४मध्ये त्याला मिळालेल्या पाच ताऱ्यांच्या हुद्द्याची आठवण.

तर अशा माणसाच्या नावाचा पाइप घ्यावा का? हा प्रश्न मला दुकानातच पडला, कारण माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने तो हातात घेतला, नाव वाचलं आणि 'ह्याला नाही माझे पैसे' म्हणत दुसरा उचलला. का, ते त्याने सांगितलं नाही. कारणं भरपूर असू शकतात.

१९३२ साली मंदीत भुकेला लागलेले पहिल्या महायुद्धातले हजारो माजी सैनिक आपला बोनस मागायला बायकापोरांसह राजधानीत येऊन बसले होते. २८ जुलैला मॅकआर्थरने, तेव्हा तो लष्करप्रमुख होता, घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन त्यांना हुसकावलं. नदीपलीकडच्या त्यांच्या तळावर जाऊ नये असा राष्ट्राध्यक्ष हूवरचा निरोप होता, तरी तो गेला, आणि तिथल्या झोपड्या पेटल्या. हाताखालचा मेजर आयझेनहॉवर सांगत होता की या कामाला लष्करप्रमुखाने जातीने जाणं शोभत नाही. साहेब सगळी पदकं लावून गेले. ही सवय तेव्हाचीच.

फिलिपिन्सचं प्रकरण याहून दुखरं. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या सैन्याचा तो सेनापती. पर्ल हार्बरची बातमी कळून काही तास लोटले होते तरी क्लार्क फील्ड या तळावरची त्याची विमानं जपानी हल्ल्यात जमिनीवरच उद्ध्वस्त झाली. मग बतान द्वीपकल्पातली लढाई, उपासमार, मलेरिया. तो स्वतः कोरेहिदोर बेटावरच्या बोगद्यात, आणि सैनिकांनी नाव पाडलं 'डगआउट डग', खंदकातला डग. मार्च १९४२मध्ये रूझवेल्टच्या हुकुमाने तो बोटीतून निसटला आणि ऑस्ट्रेलियाला गेला. ९ एप्रिलला बतानमधल्या सुमारे पंचाहत्तर हजार फिलिपिनो आणि अमेरिकन सैनिकांनी शरणागती पत्करली, आणि त्यानंतर जपान्यांनी करवलेल्या पायपिटीत हजारो मेले. त्याच फेब्रुवारीत फिलिपिन्सचे अध्यक्ष केसोन यांनी आपल्या खजिन्यातून मॅकआर्थरला पाच लाख डॉलर दिले होते. त्याने घेतले. वॉशिंग्टनला, म्हणजे राजधानीला, हे ठाऊक होतं, लोकांना कळलं १९७९ साली. तीच देणगी काही महिन्यांनी आयझेनहॉवरपुढे आली, त्याने नम्रपणे नाकारली.

आणि तरीही ऑक्टोबर १९४४ला फिलिपिन्समधल्या लेते बेटाच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यातून चालत तो परत आला, 'मी परत येईन' हा शब्द पाळला. फिलिपिन्समध्ये आजही त्याला मानतात. युद्धानंतर व्यापलेल्या जपानचा कारभार त्याच्याकडे होता: बायकांना मताधिकार, कुळांना जमिनी, नवी राज्यघटना हे त्याच्या कारकिर्दीतलं. कसेल त्याची जमीन हे आपल्याकडे कायद्यात उतरायला आणि गावात उतरायला किती वेळ लागला ते आठवलं, की जपानमधलं काम किती झपाट्याने झालं ते कळतं. त्याच कारकिर्दीत जिवंत माणसांवर प्रयोग करणाऱ्या ७३१ नंबरच्या तुकडीतल्या शास्त्रज्ञांना त्यांच्या नोंदींच्या बदल्यात खटल्यातून सोडलं गेलं. सम्राटावरही खटला नाही. तोक्योचं युद्धगुन्हे न्यायालय याच्या सनदेवर उभं राहिलं, आणि सगळ्याच आरोपींना निर्दोष ठरवणारा वेगळा निकाल लिहिला तो तिथल्या न्यायाधीशांपैकी आपल्या राधाबिनोद पालांनी.

पण मॅकआर्थरचं नाव निघालं की मला भारतीय म्हणून आठवतो तो कोरियन युद्धातला ऑक्टोबर, १९५०चा. तिथल्या फौजांचा सेनापती तोच. दक्षिण कोरियाच्या इंचॉन बंदराला भरती-ओहोटीचं गणित अंगावर घेत सैन्य उतरवून त्याने युद्ध फिरवलं होतं, यशाची नशा होती. बीजिंगला आपले राजदूत सरदार पणिक्कर होते. चीनचे पंतप्रधान चौ एन-लायनी त्यांना मध्यरात्रीनंतर बोलावून स्पष्ट सांगितलं की अमेरिकन फौजा अडतिसाव्या अक्षांशाच्या वर, म्हणजे उत्तर कोरियात, आल्या तर चीन उतरणार. पणिक्करांनी निरोप पोहोचवला. तो कोणी मनावर घेतला नाही, पणिक्कर डावीकडे झुकलेले म्हणून. पंधरा तारखेला वेक बेटावर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन भेटले तेव्हा मॅकआर्थरने त्यांना सांगितलं की चिनी यायचे नाहीत. चार दिवसांनी ते चीन-कोरिया सीमेवरची यालू नदी ओलांडत होते.

त्याच भेटीतला पाइपचा किस्सा सांगतात. मॅकआर्थरने पाइप काढला, भरला, आणि काडी हातात घेऊन विचारलं, चालेल ना? ट्रूमन म्हणाले, चालू द्या, माझ्या तोंडावर जितका धूर सोडला गेलाय तितका दुसऱ्या कोणाच्या नसेल. त्या दिवशीचा पाइप म्हणे ब्रायरचा होता. बंद खोलीत फोटोवाले नव्हते ना! पुढच्या वर्षी ११ एप्रिलला ट्रूमननी त्याला घरी बसवलं, कारण चीनशी मोठं युद्ध करायचं की नाही हे जनरलने ठरवायचं नसतं.

ट्रूमन मिझुरीचेच, याच नदीच्या वरच्या अंगाला इंडिपेंडन्स गावचे. जपानची शरणागती मॅकआर्थरने घेतली ती 'मिझुरी' नावाच्या युद्धनौकेवर, आणि तिचं जलावतरण १९४४ साली ट्रूमनच्या मुलीच्या हस्ते झालेलं. म्हणजे मिझुरीचा पाइप, मिझुरीची नौका आणि शेवटी मिझुरीच्याच माणसाच्या सहीचा बडतर्फीचा हुकूम. सीमेवरच्या गावात वाढलेल्या मला असला योगायोग फार आवडतो. अमेरिकन मित्रांना सांगितला तर 'ओह' म्हणून गप्प बसतात.

आणि कोरियाच्या त्या युद्धाची निस्तरानिस्तर करायला १९५३मध्ये कोण गेलं? आमच्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात, भारतीय तुकडी घेऊन. मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांहून अधिक कैदी दोन्ही बाजूंकडून त्यांच्या ताब्यात आले. हिंदनगर नावाची छावणी उभारून, शक्यतो गोळी न झाडता, महिनोन्महिने ते काम या लोकांनी केलं. थोरातांच्या नावाचा पाइप कोणी काढलेला नाही. त्यांनी तसा मागवलाही नव्हता म्हणा.

माझा निकाल याच्याशीच जोडलेला आहे. मॅकआर्थर पाइप ही कंपनीने कोणा महापुरुषाला वाहिलेली फुलं असती तर मीही त्या म्हाताऱ्यासारखा दुसरा उचलला असता. पण माल त्याने सांगून करवून घेतला, तो जगभर मिरवला, आणि लोक 'तसला द्या' म्हणायला लागले. आपल्याकडे शिंप्याला 'नेहरू शर्ट शिवा' म्हणतो तेव्हा पंचवार्षिक योजनांना पाठिंबा देत नाही. हे गिऱ्हाइकाचं नाव आहे. ते बदलून 'जनरल' किंवा 'पॅसिफिक' असं काही गुळमुळीत केलं असतं तर उलट आपण त्याच्याविषयी विचारच केला नसता. नाव राहू द्यावं, आणि घेणाऱ्याने ते पूर्ण वाचावं, बोनसवाल्यांसकट आणि बतानसकट.

आमच्या गल्लीत एक निवृत्त कोरियन दंतवैद्य राहतात, मूळचे इंचॉनचे. त्यांच्या गावच्या जायू पार्कमध्ये १९५७पासून मॅकआर्थरचा पुतळा आहे, आणि २००५ साली तो पाडा म्हणून आणि पाडू नका म्हणून दोन्हीकडचे लोक तिथे एकमेकांना भिडले होते. मी पाइप त्यांच्या हातात दिला. त्यांनी दंतवैद्याच्या सवयीने आधी नळी बघितली, दातांनी पडलेल्या खुणांवर बोट फिरवलं, मला म्हणाले, डाव्या बाजूने चावतोस, उजवीकडची दाढ दाखवून घे. मग म्हणाले की पुतळ्याच्या हातात दुर्बीण आहे, पाइप नाही. त्यांच्या वडिलांना तो नसता तर आपण उरलो नसतो असं वाटायचं, मोठ्या भावाला वाटतं की तो यालूपर्यंत गेला नसता तर आई घरी परत आली असती. दोघांनी एका ताटात जेवूनही हे भांडण कधी मिटवलं नाही. पाइप त्यांनी मागितला नाही, नाकारलाही नाही, टेबलावर ठेवला आणि चहा घेतला.

आता कोणी घ्यावा? संग्रह करत असाल तर डोळे झाकून. लष्करी इतिहासाचा नाद असलेल्या माणसाला भेट द्यायला याच्याइतकी स्वस्तात मस्त वस्तू नाही, फक्त सोबत दोन वाक्यं स्वतःच्या हाताने लिहून द्या, एक आत्सुगीचं आणि एक बतानचं. खरोखर ओढायचा असेल तर 'कंट्री जंटलमन' घ्या. बाउल रुंद, तळ भक्कम, दातांत नीट बसतो, खालपर्यंत जातो. पहिल्यांदाच बुरकुंड हातात घेत असाल तर 'लेजंड', तो जळला-तुटला तरी जीव हळहळत नाही. दोन्हींना इतिहास नाही, त्यामुळे परीक्षणही लांबत नाही.

आणि मॅकआर्थरच घेणार असाल तर वरच्या दोन-तृतीयांशावर थांबा, तळाचा हट्ट सोडा. तळ लिंपून घ्या. ओढून झाल्यावर लगेच नळी ओढून काढू नका, गरम असताना दांडी फुगलेली असते आणि नळी उपटायला गेलात तर दांडीच सैल होते. पाइप क्लीनर जास्त लांबीचे वेगळे मागवा, दुकानात काउंटरवर ठेवलेले नेहमीचे या दांडीतून पलीकडे पोहोचत नाहीत.